हवालदारांच्या गावाचे मत

ज्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी हे लिहावयास घेतले, तो प्रश्न असा : आमच्या गावचे एक निवृत्त हवालदार दुसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकसभेवर निवडून गेले. मतदारसंघातील बहुतेक गावांनी त्यांना मते दिली. मग ज्या गावात ते जन्मले, ज्या गावाने फौजेतून परतल्यावर त्यांना सरपंच केले, त्याच गावाने त्यांच्या विरुद्ध उभ्या असलेल्या शेठजींना भरभरून मते का दिली?

या प्रश्नाची दोन उत्तरे अजून ऐकू येतात. पहिले, गावाने दगा दिला. दुसरे, गावाने विहिरीचा राग काढला. पहिले उत्तर शेजारच्या गावांना आवडते, दुसरे शहाण्या माणसांना. मी त्या काळी गावातील शाळेचा मुख्य शिक्षक होतो आणि दोन्ही उत्तरे अपुरी आहेत असे माझे मत आहे. मत म्हटले की पुरावा द्यावा लागतो, म्हणून क्रमाने सांगतो.

आज ज्याला वाशीम जिल्हा म्हणतात तो भाग तेव्हा अकोला जिल्ह्यात होता. आमचे गाव मंगरूळपीरच्या बाजारापासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. ज्वारी, कापूस, तूर. एक मारुती, एक विहीर आणि एक शाळा. हवालदार महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. तेथे त्यांचे काम प्रत्यक्ष लढण्यापेक्षा नव्या रंगरुटांना शिकवण्याचे अधिक होते. जंगलातल्या काळोखात दिवा लावता येत नाही, म्हणून मशीनगन डोळ्यांवर पट्टी बांधून खोलायची आणि पट्टी बांधूनच परत जोडायची, हे ते शिकवीत. लढाई संपल्यावर ते एक पत्र्याची ट्रंक, एक शिटी आणि एक ठाम समजूत घेऊन गावी आले. समजूत अशी की जगातील कोणतेही काम त्याचे भाग पाडून शिकवता येते आणि पुरेसा सराव केला की डोळ्यांची गरज उरत नाही.

शिक्षक म्हणून मला या समजुतीचा पहिला अर्धा भाग पटत असे. गावाला ती सवयीने पटली. औत जुंपणे, मोट सोडणे, गंजी रचणे, सर्व कामांचे त्यांनी भाग पाडले होते. त्यांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या वहिनींना, एकदा त्यांनी भाकरी थापण्याचे चार भाग समजावून सांगितले. वहिनींनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "अन् पाचवा भाग मी सांगते. तुमी चुलीपासून उठा." ते उठले. हुकूम योग्य जागेवरून आला तर ते तो पाळत.

आता विहिरीविषयी. सरपंच झाल्यावर हवालदारांनी ठरवले की गावच्या विहिरीवर खालच्या आळीतील लोकांनीही पाणी भरावे. तोपर्यंत ती माणसे नाल्यातल्या झिऱ्यावर जात. कायदा त्यांच्या बाजूने होताच, पण कायदा अकोल्यात होता आणि विहीर गावात. हवालदारांनी भाषण केले नाही. ते पहाटे काठावर जाऊन बसले, शिटी वाजवली आणि म्हणाले, "एकच लाइन. जो आधी आला तो आधी." कोणी कुरकुर केली की पुन्हा शिटी. काही महिने ते रोज बसले. पुढे शिटीची गरज पडेना, तेव्हा बसणे बंद केले.

गावातील काही घरांना हे मानवले नाही. त्यांत त्यांचे थोरले चुलतभाऊ अग्रभागी होते. दोघांची घरे एका भिंतीची. त्या दिवसापासून थोरल्यांनी हवालदारांशी बोलणे सोडले आणि आवश्यक संभाषण बैलामार्फत सुरू केले. गोठ्यात उभे राहून ते आपल्या बैलाला मोठ्याने म्हणत, "सांग रे त्या फौजीले, त्याची म्हैस माह्या कडब्यात शिरून राह्यली." हवालदार म्हैस बांधत. बैलाचे काम तेवढेच.

अशा माणसाला दिल्लीला पाठवावे ही कल्पना गावाची नव्हती. अकोल्याहून काही राजकारणी मंडळी जीप घेऊन आली. त्यांना असा उमेदवार हवा होता की ज्याच्या तोंडून आजवर काही वावगे निघालेले नाही. हवालदारांच्या तोंडून फारसे काहीच निघत नसल्यामुळे ते या कसोटीला उतरले. चिन्ह मिळाले सायकल. समोर तालुक्याच्या गावचे जिनिंगवाले शेठजी, चिन्ह तराजू. सज्जन गृहस्थ, कापसाच्या वजनात कधी कोणाला फसवले नाही अशी ख्याती. तिसरे एक वकील, चिन्ह कंदील. त्यांच्याविषयी मला सांगण्यासारखे काही नाही.

प्रचार हवालदारांनी सायकलवरूनच केला. त्यांचे भाषण तीन वाक्यांचे असे. "रामराम. मी हवालदार. काय इचाराचं ते इचारा." मग ते सावधान उभे राहत. लोकांना उमेदवाराची ही शांतता नवीन होती. केनवडच्या बाजारात एका म्हाताऱ्याने विचारले, "दिल्लीले जाऊन करशीन काय?"

"उभा राहीन."

"अन् मंग?"

"जबाब भेटेपर्यंत बसणार नाई."

म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "यानं तं आपल्या कुळकर्ण्याच्या दारात उभं राहाले पायजे." लोक हसले आणि हवालदारांना मते मिळू लागली. मी त्या बाजाराला गेलो होतो म्हणून हे सांगू शकतो.

येथे त्या काळची मतदानाची पद्धत सांगणे आवश्यक आहे, कारण आजच्या वाचकाला ती ठाऊक नसते. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र लोखंडी पेटी असे, तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. या पेट्या एका आडोशात ओळीने मांडलेल्या असत. मतदाराने मतपत्रिका घ्यायची, एकट्याने आडोशात जायचे, आपल्या उमेदवाराच्या पेटीत ती टाकायची आणि बाहेर यायचे. विधानसभेचे मतदान त्याच दिवशी वेगळ्या जागी होई. त्याचा आपल्या प्रश्नाशी संबंध नाही.

पहिल्या निवडणुकीत आमच्या गावची बरीच मते वाया गेली होती. गोणपाटांच्या आडोशात अंधार असे. उन्हातून आत गेलेल्या म्हाताऱ्या माणसांना काही दिसत नसे. कोणी मतपत्रिका पेटीवर ठेवून नमस्कार करून आले, कोणी दोन पेट्यांच्या मधल्या फटीत सरकवली. हवालदारांच्या हे ध्यानात होते. यंदा आपल्या गावचे एकही मत वाया जाऊ द्यायचे नाही असे त्यांनी ठरवले. अंधार होता, रंगरूट होते आणि ठरावीक ठिकाणी ठरावीक वस्तू पोचवायची होती. त्यांच्या दृष्टीने प्रश्न सुटलेलाच होता.

सरावासाठी त्यांनी सुटीच्या दिवशी शाळेची खोली मागितली. मतदानही तेथेच व्हायचे होते. खोली लांबट, तिला दोन दारे, एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला. पश्चिमेचे दार आम्ही वापरत नसू, कारण त्याला लागून बाके आणि नकाशांचे कपाट होते. हवालदारांनी गोणपाटाचा बोळ केला, त्यात रॉकेलचे तीन डबे ओळीने ठेवले. उमेदवारांच्या यादीत त्यांचे नाव आधी येत होते, म्हणून पूर्वेकडून पहिला डबा सायकलीचा, दुसरा कंदिलाचा, तिसरा तराजूचा. हा क्रम मतदानाच्या दिवशीही तसाच राहिला, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

मग त्यांनी मत देण्याचे भाग पाडले. एक, आत शिरणे. दोन, डोळे मिटणे, कारण अंधारात डोळे फसवतात. तीन, हात पुढे करणे. चार, हाताला जो पहिला डबा लागेल त्यात चिठ्ठी टाकणे. पाच, न थांबता बाहेर पडणे.

"अन् सायकलीचं चित्र?" एका बाईने विचारले.

"चित्र पाहाचं नाई. चित्र पाहाले गेलं का घोळ होते. पयला डबा आपला. बस."

कित्येक दिवस संध्याकाळी शाळेत डब्यांचा आवाज येत असे. हवालदारांची आत्या सर्वांत हुशार निघाली. तिला दिवसाही धूसर दिसे, त्यामुळे डोळे मिटण्यात तिचे काही जात नव्हते. ती इतरांना दटावत असे, "अवं, चाचपडू नको! तुह्या घरची उतरंड हाये का?" खालच्या आळीतील सगळी माणसे सरावाला येत. हवालदारांना मानणारी वरच्या आळीतील घरेही येत. थोरले भाऊ आणि विहिरीवरून रुसलेली त्यांच्या बाजूची घरे आली नाहीत. थोरल्यांनी बैलाला सांगितले, "म्हनाव, मले डोये हायेत."

मतदानाच्या दिवशी मी गावात नव्हतो. शिक्षकांना निवडणुकीचे काम लागत असे, आणि मला धनजकडच्या एका केंद्रावर पाठवले होते. हवालदार स्वतः दुसऱ्या गावांची केंद्रे पाहत सायकलवर फिरत होते. आमच्या केंद्रावर त्यांचे प्रतिनिधी म्हणून गावचे शिंपी बसले होते. त्यांनी नंतर मला मोठ्या समाधानाने सांगितले, "गुरुजी, काय शिस्त! कोनी अटकलं नाई, कोनी इचारलं नाई. आडोशात पाय टाकला का डोये मिटून जात. साहेब पाह्यतच राह्यले." अधिकारी परगावचे होते. असे मतदान त्यांनी कोठेही पाहिले नव्हते, हे त्यांचे म्हणणे खरेच असावे.

मतमोजणी केंद्रवार होत असल्यामुळे कोणत्या गावाने काय केले हे लगेच समजे. हवालदार निवडून आले. अकोल्यात हार पडले, गुलाल उडाला. त्यानंतर त्यांनी आपल्या गावचा आकडा विचारला. तराजूला ढीगभर मते होती आणि सायकलीला अगदी थोडी. तेथे हजर असलेल्यांनी मला सांगितले की त्यांनी तो आकडा पुन्हा वाचून घेतला, गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला आणि म्हणाले, "समजलं."

ते गावी आले नाहीत. वाशीमला एका ओळखीच्याकडे उतरले आणि निरोप पाठवला : सरपंचपदाचा राजीनामा पाठवत आहे, दिल्लीला जाण्यापूर्वी येऊन घर बंद करीन, वहिनींनी सामान बांधून ठेवावे. पुढे कुटुंब वाशीमलाच राहील. गावाने निकाल दिला आहे, तो मान्य.

वहिनी माझ्याकडे आल्या. "गुरुजी, म्हैस व्याले आली अन् मी वाशीमले जाऊ? यायले लोकसभा भेटली, मले काय भेटलं? कुलूप?"

आणखी एक घटना घडली. खालच्या आळीतील एक बाई घागर घेऊन शाळेच्या ओट्याशी उभी राहिली. तिची मुलगी माझ्या वर्गात होती. विहिरीवर कोणीतरी तिला म्हटले होते की आता गावाने मतानेच सांगितले आहे. ती म्हणाली, "गुरुजी, एक इचारू? हवालदाराले गावानं नाई म्हनलं, तं मंग आमी पानी भरावं का थांबावं?"

मी म्हणालो, "भरा." पण हे उत्तर नव्हते, ही नुसती सूचना होती. सरपंच बदलल्यावर विहिरीवर काय होईल हे मला माहीत नव्हते. मला ते माहीत नाही हे तिलाही ठाऊक होते, म्हणून तिने घागर उचलली आणि विहिरीकडे न जाता नाल्याची वाट धरली.

तेथपासून हा प्रश्न माझ्यापुरता केवळ कुतूहलाचा राहिला नाही. मला कोडे पडले होते ते असे : सराव केलेली घरे बहुसंख्य होती. त्यांत खालची आळी सबंध होती. तिने विहीर उघडणाऱ्या माणसाविरुद्ध मत द्यावे याला कारण काय? ती बाई तर नुकतीच माझ्यासमोर उभी होती. तिच्या चेहऱ्यावर दगा देणाऱ्याचा भाव मला दिसला नाही. पण चेहरा हा पुरावा नव्हे.

त्याच आठवड्यात वहिनींकडे गेलो असता आत्या ओसरीवर वाती वळत होती. मी सहज म्हणालो, "आत्याबाई, तुमचा सराव कामी आला का?"

"आला म्हन्जे? डोये उघडले असतीन तं शपथ! पयला डबा हाताले लागला, चिठ्ठी आत, मी भायेर. माह्या मांगची म्हने, आत्या, उजेड हाये, पाहून घ्या. म्या म्हनलं, कायले पाहू? भाच्यानं सांगतलं तेवढं करा."

"उजेड होता?"

"होता म्हने. साहेबानं गोनपाट वरून उघडे ठेवले होते. चांगला मानूस. आमाले उन्हात बी उभं ठेवलं नाई. बाभईच्या सावलीत लाइन लावली."

आमच्या शाळेच्या आवारात बाभूळ एकच होती आणि ती पश्चिमेला होती.

"मग आत कोणत्या दाराने गेलात?"

"दारानं जातात तसं. बाभईकडल्या. ते कपाट हटवलं होतं ना साहेबानं. आत इकडून, भायेर तिकडून."

मी शाळेत जाऊन फळ्यावर आकृती काढली. आकृती काढली की बहुतेक भांडणे निम्मी होतात, असा माझा अनुभव आहे. पेट्यांचा क्रम तोच : पूर्वेकडून सायकल, कंदील, तराजू. पूर्वेच्या दाराने शिरणाऱ्याच्या हाताला पहिली सायकल लागते. पश्चिमेच्या दाराने शिरणाऱ्याच्या हाताला पहिला तराजू लागतो. अधिकाऱ्यांनी बायामाणसांना सकाळचे ऊन लागू नये म्हणून दार बदलले होते. त्यांच्याकडून काही चुकले नव्हते. गावानेही शिकवले होते तसेच, अगदी बिनचूक केले होते. दुसऱ्या गावांना सराव देण्यास हवालदारांना वेळ मिळाला नाही. त्या गावांतील माणसांनी बिचाऱ्यांनी डोळे उघडे ठेवून सायकल शोधली आणि तिच्यात मत टाकले.

तरी एका आत्याच्या सांगण्यावर निष्कर्ष काढणे योग्य नव्हते. मी चौकशी केली. मत कोणाला दिले असे मी कोणालाही विचारले नाही. तो प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणालाच नाही. मी एवढेच विचारले, "शिकवले होते तसे केले का?" ज्याला त्याला याचे उत्तर देण्यात अभिमान वाटला.

हवालदार बैलगाडी घेऊन आले तो रविवार होता. गाडी घराशी उभी राहिली, वहिनी दारात ट्रंकेवर बसून होत्या आणि उठण्याचे चिन्ह दिसत नव्हते. मी त्यांना म्हणालो, "साहेब, कुलूप लावण्यापूर्वी शाळेत या. एक पाठ दाखवायचा आहे."

मी खोली मतदानाच्या दिवशी होती तशी मांडली होती. कपाट हटवलेले, बोळ उभा, तीन डबे, त्यांवर मोठी चित्रे. बाभळीखाली सराव केलेली माणसे आत्यामागे ओळीने उभी होती. प्रत्येकाच्या हातात कागदाचा एक कोरा तुकडा.

"ही परेड कोनं बोलावली?" हवालदारांनी विचारले.

"मी. आपण बोळाच्या तिकडच्या टोकाला उभे राहा. काही बोलू नका."

आत्या पश्चिमेच्या दाराने आली. बोळात शिरताच तिने डोळे मिटले, हात पुढे केला आणि चिठ्ठी टाकली. तराजूचा डबा वाजला. ती न थांबता बाहेर पडली आणि भाच्याच्या अंगावर आदळली. "पाह्य! अजून इसरली नाई मी." मागून शिंपी आले. तराजू. मग खालच्या आळीतील ती बाई. तराजू. तिच्यामागचा माणूस, त्याच्यामागची दोघे. प्रत्येकाने डोळे मिटले आणि प्रत्येक वेळी तोच डबा वाजला.

हवालदारांनी हात वर करून ओळ थांबवली. ते बाहेरून वळसा घालून बाभळीकडे गेले, सगळ्यांच्या देखत पश्चिमेच्या दारातून आत आले, बोळात शिरले, डोळे मिटले आणि हात पुढे केला. हातात कागद नव्हता. हाताला लागलेल्या डब्यावर त्यांनी टिचकी मारली. डोळे उघडून पाहिले. समोर तराजू होता.

ते ओळीकडे वळले. मग म्हणाले, "जवानायची चूक नाई. उस्तादानं दार इचारलं नाई."

खोलीत चुळबुळ झाली. आपण काय केले होते हे ओळीतल्या माणसांना आता उमगत होते. आत्या म्हणाली, "म्हन्जे म्या शेठजीले देल्लं? अरे देवा, मी तं त्याले ओयखत बी नाई!"

तेवढ्यात पूर्वेच्या दारात थोरले भाऊ दिसले. डब्यांचा आवाज ऐकून आले होते. बैल जवळ नसल्यामुळे त्यांनी मला उद्देशून बोलण्यास सुरुवात केली. "गुरुजी, सांगा तुमच्या फौजीले. म्या तं शिकाले आलोच नोतो. डोये उघडे ठेवले, तीनही चित्रं पाह्यले, अन् सायकलीत टाकलं."

मी म्हणालो, "भाऊ, मत गुप्त असते."

"माह्यं मत, माह्यी मर्जी. गुप्त ठेवीन नाई तं दवंडी देईन. आमच्या बाजूच्या साऱ्यायनं तसंच केलं. इचारा."

हवालदार सरळ त्यांच्याकडे वळले. "काहून?"

कित्येक वर्षांत त्यांनी भावाला विचारलेला हा पहिला शब्द. थोरल्यांनी सवयीने इकडेतिकडे पाहिले, पण मध्ये घालण्यास कोणी नव्हते.

"काहून म्हन्जे? विहिरीचं तू चुकलाच. आजबी म्हनतो, मरेपर्यंत म्हनीन. पन तो जिनवाला का माह्या बापाच्या घरचा हाये? आपल्या भिंतीचा मानूस दिल्लीले जाऊन राह्यला, अन् मी त्याले आडवा पाय लावू?" एवढे बोलून ते आपल्याला जास्त बोलावे लागल्याच्या रागाने निघून गेले.

याचा अर्थ वाचकांनी नीट लावावा. विहिरीमुळे ज्यांचा हवालदारांवर राग होता, त्यांनी हवालदारांना मते दिली. विहिरीमुळे ज्यांचे त्यांच्यावर प्रेम होते, त्यांनी शेठजींना दिली. सरावाला न आलेली घरे मोजली आणि सायकलीला पडलेली मते पाहिली, तर दोहोंचा मेळ बसतो. तो अगदी तंतोतंत नाही. एखाद्या सरावलेल्या माणसाने ऐन वेळी डोळे उघडले असतील, तर एखाद्या रुसलेल्याने खरेच तराजूत टाकले असेल. पण विहिरीविरुद्ध गावाने निकाल दिला असे त्या आकड्यावरून म्हणता येत नाही, हे निश्चित.

खालच्या आळीतील बाई अजून ओळीतच उभी होती. ती हवालदारांना म्हणाली, "मंग साहेब, आमी पानी?"

"एकच लाइन," हवालदार म्हणाले. "जो आधी आला तो आधी. कोनी काही म्हनलं तं माह्याकडे धाडा."

"तुमी तं वाशीमले राह्यनार."

हवालदार तडक निघाले. ते घरी गेले, वहिनींना ट्रंकेवरून उठण्याची विनंती केली, ट्रंक उचलली आणि आत नेऊन ठेवली. बैलगाडी रिकामी परत गेली. गाडीवान पुटपुटला, "मंग मले कायले बलावलं?" त्याचा प्रश्न रास्त होता. दुसऱ्या पहाटे हवालदार विहिरीच्या काठावर जाऊन बसले. शिटी खिशातच राहिली. राजीनामा त्यांनी मागे घेतला नाही, कारण दिल्लीतून सरपंचकी करता येत नाही; पण निघण्यापूर्वी नव्या सरपंचाला विहिरीचा नियम सर्वांसमोर म्हणून दाखवायला लावला, भाग पाडून. त्या बाईची घागर त्या दिवशी विहिरीवर भरली गेली आणि पुढेही भरली जात राहिली. मी शाळेच्या ओट्यावरून पाहत असे.

लोकसभेत हवालदार फार बोलले नाहीत. अधिवेशन संपले की अकोल्यापर्यंत गाडीने, तेथून मोटारीने आणि पुढे सायकलवर ते गावी येत. दिल्लीचे वर्णन त्यांनी मला एका वाक्यात सांगितले : "इमारत गोल हाये, गुरुजी, अन् दारं लय हायेत." आपले आसन कोणत्या दाराने जवळ पडते हे त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्या दारांतून आत जाऊन पाहून ठेवले होते. थोरल्यांनी पुढेही बैलामार्फत बोलणे चालू ठेवले, पण निरोप लांबले. एकदा तर बैलाला दिल्लीच्या थंडीची विचारपूस करावी लागली.

शेठजींविषयी एक गोष्ट राहिली. हवालदारांच्या स्वतःच्या गावाने आपल्यावर एवढा विश्वास टाकावा याचे त्यांना मनापासून नवल वाटले. हरल्यावरही ते आभार मानण्यास आले आणि शाळेला भिंतीवरचे एक घड्याळ भेट दिले. गावाने ते नम्रपणे घेतले. शेठजींना खरे कारण सांगावे असे कोणालाच वाटले नाही, मलाही नाही. हवालदार गावी आले की त्याच घड्याळाशी आपले मनगटी घड्याळ जुळवून घेत. ते पश्चिमेच्या दारावर टांगले आहे.

माझ्या स्पष्टीकरणावर आजही काही जण विश्वास ठेवत नाहीत. मास्तरांनी गावाची लाज झाकण्यासाठी आकृती रचली, असे ते म्हणतात. त्यांना उत्तर देण्याऐवजी मी वाचकांना एक विनंती करतो. शाळेची जुनी खोली अजून उभी आहे, दोन्ही दारे आहेत, बाभूळ मात्र गेली. तीन डबे न्या, पूर्वेकडून सायकल, कंदील, तराजू अशी चित्रे लावा, पश्चिमेच्या दाराने आत शिरा, डोळे मिटा आणि हात पुढे करा. माझ्यावर विसंबून राहू नका. कृपया स्वतः पडताळून पाहा.